ए साईड, बी साईड

भांडुप पश्चिम
रविवार, १ डिसेंबर २०२४

माळ्यावरून डेक खाली काढला. दरवर्षीप्रमाणे आधी बोलणी खाल्ली, मग चहा मिळाला. "अहो, ते धूड एकदाचं भंगारात घाला," हे वाक्य कानावर पडलं की आमच्या घरात डिसेंबर लागला असं समजायचं.

१९९४ ते २००९ स्टेशन रोडला माझं कॅसेटचं दुकान होतं. दुकान म्हणजे सहा बाय चारची टपरी. जागा आजही तीच आहे, माल बदलला. आता मोबाईलची कव्हरं, टफन ग्लास, चार्जर, डुप्लिकेट इअरफोन. तेव्हा पाटी होती, 'कॅसेटमध्ये गाणी भरून मिळतील'. लोक वहीच्या फाटक्या पानावर यादी घेऊन यायचे, मी कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून द्यायचो. कायद्याने ते बरोबर नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकालाही. पुढे कॅसेट गेली, मेमरी कार्डं आली, तेव्हा पाटीवर फक्त 'कॅसेट' हा शब्द खोडून 'कार्ड' केलं. आता ते कामही संपलं.

एक सवय मात्र राहिली. दर डिसेंबरात त्या वर्षीच्या आवडत्या गाण्यांची साठ मिनिटांची एक कॅसेट भरायची. पहिली १९९८ ची. त्या वर्षी 'गारवा' आला होता. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेंचा आवाज. पावसाळाभर कॅसेट टिकत नव्हती दुकानात. त्या तीन महिन्यांचं टपरीचं भाडं 'गारवा'ने भरलं. सिनेमा नाही, नाटक नाही, मागे कोणी हिरो नाही आणि तरी गाणं घरोघर जातं, हे मी गल्ल्यावर बसून पहिल्यांदा पाहिलं. म्हणून कॅसेटचा नियम ठरला तो आजतागायत: सिनेमातलं गाणं घ्यायचं नाही. सिनेमाच्या गाण्याला पोस्टर असतं, सुट्या गाण्याला स्वतःच्या पायावर चालत भांडुपपर्यंत यावं लागतं.

आपल्याकडे अशा सुट्या गाण्याला 'अल्बम साँग' म्हणतात. गाणं एकच, अल्बम कुठेच नाही. पण गावागावांतले हळदीचे डीजेवाले हाच शब्द वापरतात आणि मीही तोच वापरतो.

मंगळवार, ३ डिसेंबर

डेक चालेना. मोटर घुमते, चक्र फिरत नाही. उघडला तर आतला बेल्ट वितळून चिकट काळा डिंक झालेला. भांडुपची हवा. कॅसेटच्या फितीवरही पांढरी बुरशी धरते, आणि ती तशीच लावली तर डेकच्या हेडवर चढून पुढच्या कॅसेटला लागते. हेड स्पिरिटने पुसलं. बेल्ट आणावा लागणार.

पोरीने विचारलं, "पप्पा, प्लेलिस्ट का नाही करत तुम्ही?" म्हटलं, प्लेलिस्टला शेवट नसतो गं. अकरावं गाणं आवडलं की दहावं काढावं लागत नाही, त्यामुळे दहाव्याची किंमतच कळत नाही. ती म्हणाली, "ओके." म्हणजे पटलं नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

लॅमिंग्टन रोडला गेलो. संध्याकाळी आझाद मैदानावर नव्या सरकारचा शपथविधी, त्यामुळे शहरात बंदोबस्त. काम उरकून लवकर परतलो. एका काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जुना बेल्ट बोटावर ताणून पाहिला आणि मापही न घेता डब्यातून दुसरा काढून दिला. बसला. असं ज्ञान त्यांच्यानंतर त्या गल्लीत कोणाकडे राहील देव जाणे.

परतीच्या स्लो लोकलमध्ये दोन सीट पलीकडचा मुलगा इअरफोन न लावता रील्स बघत होता. भायखळा ते कुर्ला मी मोजली, एकवीस गाण्यांचे तुकडे. त्यात 'गुलाबी साडी' तीनदा. फेब्रुवारीत आलेलं गाणं डिसेंबरात तीनदा! माझ्या कॅसेटच्या काळात फेब्रुवारीचं गाणं दिवाळीला दुकानात मागच्या फळीवर जायचं.

रविवार, ८ डिसेंबर

काल पूर्वेला भांडुप गावात हळद होती. भाचा तिथं डीजे होता, म्हणून त्याच्या मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसलो. त्याचा धंदा बघायला मला आवडतं. तो गाणं संपू देत नाही. दीड मिनिट झालं की दुसरं आत सरकवतो. आगरी-कोळी हळदीची गाणी, मधेच 'पुष्पा'चं, परत कोळीगीत. दहाला आवाज बंद करायचा असतो, म्हणून साडेनऊला त्याने हुकमाचं पान काढलं. गुलाबी साडी. नवरीच्या आजीपासून केटररच्या पोरांपर्यंत सगळे उठले. केटररची पोरं बिहारची.

इथेच माझं घोडं अडलंय. वर्षभर हेच गाणं ऐकून मला आता ते नको झालंय. चाल अशी सोपी की दुसऱ्यांदा ऐकताना आपण सोबत गुणगुणतो आणि चाळिसाव्या वेळी कान झाकतो. पण नीट विचार केला तर या गाण्याने जे केलं ते माझ्या धंद्याच्या पंधरा वर्षांत एकाही मराठी कॅसेटने केलं नव्हतं. माझ्याकडे अमराठी गिऱ्हाईक मराठी कॅसेट मागायला यायचं ते फक्त दोन कारणांसाठी, गणपतीच्या आरत्या आणि लावणी. आरत्या म्हणजे सोसायटीत लावायला, लावणी म्हणजे गुपचूप. यंदा दुकानासमोरचा जौनपूरचा भाजीवाला, वर राहणाऱ्या गुजराती मावशी, पंक्चरवाल्याचा पोऱ्या, सगळ्यांनी मला हेच गाणं रिंगटोनला लावायला सांगितलं. शब्दांचा अर्थ एकानेही विचारला नाही. पूर्वी आपण इंग्रजी गाणी अशीच ऐकायचो. मराठी गाणं कोणी अर्थ न विचारता ऐकावं, यात मला थोडा अपमान वाटावा की अभिमान, हे अजून ठरत नाहीये.

गाणं संजू राठोडचं. जळगाव जिल्ह्यातला मुलगा. लिहिलं त्याने, चाल त्याची, गायला तोच. संगीताची बांधणी जी-स्पार्कची. साडीवरचं गाणं लिहून ते चालवणं सोपं आहे असं म्हणणाऱ्याने एक लिहून दाखवावं. आणि रंगाचंही नशीब बघा. यंदाच्या निवडणुकीत एका पक्षाच्या पुढाऱ्यांची जाकिटंसुद्धा गुलाबी होती.

भाच्याने विचारलं, "मामा, तुमच्या कॅसेटमध्ये आहे ना?" म्हटलं बघू.

मंगळवार, १० डिसेंबर

सकाळची गर्दी. कुर्ल्याला जायचं होतं. कानात 'स्टारबर्स्टर', डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी.चं. यात गायक मधे मधे खच्चून श्वास आत ओढतो, जणू पाण्यातून डोकं वर काढलंय. त्याला लंडनच्या स्टेशनवर धाप लागून घाबरायला झालं होतं, त्यातून हे गाणं आलं. घाटकोपरला मेट्रोची माणसं आत शिरली आणि माझा हात कोणाच्या तरी बॅगेत अडकला, बरगडी दरवाज्याच्या खांबाला. त्या क्षणी त्याने श्वास ओढला आणि मीही ओढला. गाणं यादीत घेतलं. याहून जास्त परीक्षण करायची गरज नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज पोरीची पाळी. ती मुलुंडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि इंग्रजीचं खातं गेली चार वर्षं तिच्याकडे. पूर्वी हे खातं माझ्याकडे होतं. नव्वदीत भांडुप पश्चिमेला इंग्रजी कॅसेट घेणारी गिऱ्हाइकं मोजून सहा होती, आणि त्या सहांसाठी मी महिन्यातून एकदा काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसला जाऊन नवीन काय आलंय ते बघून यायचो. विकत एखादीच घ्यायचो, बाकीची उभ्याने ऐकायचो. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा मी दिवसभर कोणाशी बोललो नाही.

तिने पाच ऐकवली. सब्रिना कार्पेंटरचं 'एस्प्रेसो' हसरं आहे, उन्हाळ्यात सगळीकडे होतं, पण मला त्यात धरून ठेवण्यासारखं काही सापडेना. तिने मान हलवली. एका गाण्यासाठी ती भांडायला तयार नव्हती, म्हणजे तिलाही तितकं नव्हतंच. चॅपेल रोनचं 'गुड लक, बेब!' वर मात्र ती उठून उभी राहिली. एक मुलगी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते, ते नाकारते आणि पुढे कोणाची तरी बायको होऊन बसते. जिला सोडलं ती तिला सांगते, जा, बघ जमतं का. "पप्पा, शेवटी आवाज कुठे चढतो ते ऐका." ऐकला. चढत चढत जातो आणि तिथंच तोल जाईल असं वाटतं, पण जात नाही. घेतलं. बिली आयलिशचं 'बर्ड्स ऑफ अ फेदर' दोघांनी एका दमात घेतलं, चर्चा नाही.

मग 'एपीटी'. कोरियाची रोझे आणि अमेरिकेचा ब्रुनो मार्स, ऑक्टोबरात आलेलं. मी विचारलं, एपीटी म्हणजे काय? ती म्हणाली, "अपार्टमेंट. कोरियन लोक 'अपाटु' म्हणतात. दारू पिताना हाताचा एक खेळ खेळतात, त्यात हे ओरडतात." मी हसायला लागलो ते थांबेचना. आमच्या टेंभीपाड्यात गेली सात वर्षं माणसं दुसरं काय ओरडतायत? सोसायटीच्या प्रत्येक मिटिंगमध्ये हाच शब्द. तीनशे चौरस फूट, लिफ्ट, भाडं थकलंय, कागद पुढे गेलाय, बिल्डर फोन उचलत नाही. सगळा पाडा अपाटु-अपाटु करतोय आणि यांच्याकडे ते नाचायचं गाणं आहे. रात्री जेवताना मी ताटावर बोटांनी तो ठेका धरला तर हिने विचारलं, "कमिटीची मिटिंग आहे का आज?"

घेतलं. पहिल्या पाचात.

शनिवार, १४ डिसेंबर

कॉलेजच्या तीन मुलांनी एकाच दिवशी एकच गाणं सांगितलं, 'जो तुम मेरे हो'. अनुव जैन, लुधियानाचा. गिटार आणि आवाज, फार तर मागे थोडंसं काही. हा मुलगा असं गातो जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. आमच्यासारख्या दहा बाय बाराच्या घरात वाढलेल्यांना असं गाणं समजतं. तिथं मोठ्याने प्रेम करता येत नाही. यादीत घेतलं, पण बी साईडला.

काउंटरवर बसून पानावर वेळा मांडतोय. पूर्वी साठच्या कॅसेटला दहा-बारा गाणी व्हायची. यंदा सतरा मावतायत. गाणी आखडली आहेत: पावणेतीन मिनिटं, तीन मिनिटं. सगळे म्हणतात, मोबाईलमुळे लोकांना धीर राहिला नाही. पण तीन मिनिटं ही मोजणी मोबाईलची नव्हे. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' तशाच तबकडीवर गायली, १९३० च्या दशकात, आणि मराठी भावगीताचा जमाखर्च तिथून मांडतात. तेही अल्बम साँगच की. सिनेमा नाही, नाटक नाही, एक कवी, एक गायक आणि घराघरातला फोनो. म्हणजे संजू राठोडने नवीन रस्ता काढलेला नाही. रस्ता होताच, मधे सिनेमावाल्यांनी त्यावर गाड्या लावून ठेवल्या होत्या.

सोमवार, १६ डिसेंबर

काल रात्रीपासून फोनवर बातमी येत होती आणि खोटी आहे असंही येत होतं. झाकीर हुसेन. सकाळी खरी निघाली. अमेरिकेत गेले. माहीमचा माणूस.

याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतली होती, त्यातलं एक 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट'साठी. ते माझ्या कॅसेटच्या नियमात बसत नाही. अल्बम मागच्या वर्षीचा. पण आज दुकानात तबलाच लावला. एक रिक्षावाला सीटवरून वाकून म्हणाला, "चहावाले ना?" त्याने चुकीचं काही म्हटलं नाही. ऐंशी-नव्वदीत टीव्हीवरच्या चहाच्या त्या जाहिरातीने जेवढ्या घरांत तबला पोचवला तेवढा सवाई गंधर्वलाही कुठला पोचवता येतोय. अर्ध्या मिनिटाचं ते.

गुरुवार, १९ डिसेंबर

आता तांबडी चामडी.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑगस्टमध्ये, गोविंदाच्या सरावाच्या वेळी, सोनापूरच्या सिग्नलला उभ्या टेम्पोत. मला वाटलं भाच्याने कोणत्या तरी परदेशी ठेक्यावर कोणाची तरी मराठी बडबड चिकटवलीय. हे तसले उद्योग तो करतो. मग कळलं की गाणं मुळात तसंच आहे. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे, आणि श्रेयस. क्रेटेक्स याला 'एम-हाउस' म्हणतो, मराठी हाउस. आणि काढलं कोणी, तर नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने. पोरगी म्हणाली, "पप्पा, मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' त्यांचंच." ते गाणं २०१३ मध्ये मी निदान शंभर मेमरी कार्डांत भरलं असेल, त्यामुळे मला लगेच वजन कळलं.

पण वजन त्यात नाही. वजन शब्दात आहे. चामडी. हा शब्द गाण्यात आलेला मी ऐकला नव्हता. भावगीतात कांती असते, लावणीत गोरा रंग असतो, जाहिरातीत उजळपणा. उन्हाने रापलेल्या माणसाची तांबडी कातडी, ती उन्हात चमकते, आणि त्याचं त्याला काही वाईट वाटत नाही, उलट तो ते मिरवतोय. माझे वडील सिएटच्या कारखान्यात तीन पाळ्यांत घासले. भांडुपचा सिएट १९५८ पासूनचा. गावाकडून आलेल्या कितीतरी माणसांची घरं त्याने उभी केली. वडील सुटीला कणकवलीला जाऊन महिनाभर शेतात राबून यायचे तेव्हा त्यांच्या मानेचा रंग नेमका असाच असायचा, विटेसारखा, आणि आई म्हणायची, "काय तो अवतार." तो अवतार नाचायच्या गाण्याचं नाव होईल असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर ते बिडी विझवून निघून गेले असते.

आणि शहाणपणा बघा. गाण्यात कुठे उपदेश नाही, रडणं नाही. ठेका इतका कोरडा की त्यावर दुःख ठेवायला जागाच नाही. मराठीत आपण कष्टावर गाणं केलं की त्यात एक हुंदका घालतोच. याने घातला नाही, म्हणून मला ते मोठं वाटतं. भाचा म्हणतो त्यात खास काही नाही, चार ओळींचं आहे, परत परत तेच. अरे, परत परत तेच म्हणण्यावरच तर तुझं घर चालतं!

रविवार, २२ डिसेंबर

आवाजाची पातळी लावायला बसलो. नव्या फोनला इअरफोनचं भोकच नाही, म्हणून आधी टाइप-सीचा तुकडा, त्याला पिन, तिथून लाल-पांढऱ्या वायरी डेकला. डेकवर दोन सुया आहेत, डावी-उजवी. गाणं जोरात झालं की सुई लाल पट्ट्यात जाते. पूर्वी गाणी भरताना ती सुई बघणं हेच कौशल्य होतं. मुखड्याला अर्ध्यावर, अंतऱ्यात थोडी मागे, ढोलक पडला की टोचल्यासारखी पुढे. लाल पट्टा चाटून परत आली पाहिजे. त्यात बसून राहिली तर कॅसेट फाटक्या आवाजाची होते.

यंदाची सोळा गाणी लावून पाहिली. सुई गेली ती लालमध्येच उभी. हलेचना. बारीक केलं तर अर्ध्यावर उभी, पण उभीच. सगळं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराने दाबून बसवलेलं असतं हल्ली, म्हणजे रिक्षात, रस्त्यात, फोनच्या टिचभर स्पीकरवरसुद्धा प्रत्येक क्षण ऐकू यावा. एकट्या बिली आयलिशने तिला थोडा श्वास घेऊ दिला.

सतरावं लावलं, 'अलोन'. द क्युअर. सोळा वर्षांनी त्यांचं नवं गाणं, सप्टेंबरात आलं. सुई हळूच उठली, पडली, परत उठली. तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती वाद्यं वाजतात आणि मग रॉबर्ट स्मिथ गायला लागतो. म्हणजे एवढ्या वेळात 'एपीटी' सुरू होऊन संपलंसुद्धा असतं. हा बँड मी नव्वदीपासून ऐकतोय. माझ्या सहा गिऱ्हाइकांपैकी एकाने ओळख करून दिली. तो आता कॅनडात आहे. रात्री त्याला मेसेज केला, ऐकलंस का? उत्तर आलं, रोज.

पावणेसात मिनिटांचं गाणं साठच्या कॅसेटला परवडत नाही. दोन गाण्यांची जागा खातं. पोरगी म्हणाली, काढा. नाही काढणार. पेन्शनीला आलेल्या माणसांना उशिरा गायला सुरुवात करायचा हक्क आहे.

बुधवार, २५ डिसेंबर

सुटी. आई कणकवलीहून आलीय. तिच्यासमोर 'बिग डॉग्स' लावलं. हनुमानकाइंड म्हणजे सूरज चेरुकाट, केरळचा, अमेरिकेत वाढला, बंगळूरला राहतो, संगीत कलमीचं. गाणं ९ जुलैला आलं. ही तारीख लक्षात राहण्याचं कारण वेगळं, आदल्या दिवशी ८ जुलैला पहाटे सहा तासांत तीनशे मिलिमीटर पडून भांडुप-नाहूरला रूळ बुडाले होते आणि मी दुकानातली खालची फळी रिकामी करत होतो. पुढच्या महिन्यात ते अमेरिकेच्या बिलबोर्डवर २३ व्या नंबरापर्यंत गेलं.

आई म्हणाली, "मेल्या, ह्यां काय लावलंस? ह्येका गाणां म्हणतत?" मग मी व्हिडिओ दाखवला. मौत का कुआँ. लाकडी फळ्यांची ती विहीर, भिंतीवर आडवी धावणारी मोटारसायकल, मधोमध हा उभा राहून बोलतोय. ती चष्मा लावून पुढे सरकली. माहीमच्या उरुसात माझ्या वडिलांनी तिला हे दाखवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. "त्येतलो येक माणूस हात सोडून चलवायचो," म्हणाली. मग परत लावायला सांगितलं. आवाज बंद करून.

म्हणून 'बिग डॉग्स' आलं. हे गाणं मला फक्त ऐकून फार वरचं वाटत नाही, खरं सांगायचं तर. चित्रासकट वाटतं, आणि कॅसेटला चित्र नसतं. पण आईने दोनदा पाहिलेली गोष्ट यादीतून वगळायची हिंमत माझ्यात नाही.

रविवार, २९ डिसेंबर

मेगाब्लॉक, त्यामुळे स्टेशन रोडला गिऱ्हाईक कमी. दुपारी दुकान बंद करून घरी आलो आणि ए साईड भरली.

कॅसेट भरणं म्हणजे गाणी एकामागून एक लावणं नव्हे, हे मला फोनवाल्या पिढीला सांगता येत नाही. सुरुवातीला पाचेक सेकंद कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. ती पेन्सिलने फिरवून पुढे घ्यायची, नाहीतर पहिल्या गाण्याचं तोंड कापलं जातं. कंपनी तीस मिनिटं म्हणते पण बाजूला मिनिटभर जास्त फीत असते, त्यावर शेवटचं गाणं वाचवायचं. आणि मुख्य म्हणजे शेजार. 'गुड लक, बेब!' चढून संपतं, त्याच्यामागे लगेच दुसरं चढं गाणं ठेवलं तर दोन्ही मरतात. मागे बर्ड्स ठेवलं. 'स्टारबर्स्टर'नंतर 'बिग डॉग्स'. दोघेही धापा टाकतायत, एकमेकांना सोबत.

'काली बिंदी' काढलं. गाणं वाईट नाही, पण संजू राठोडचं वर्षाला एकच.

ए साईडचं पहिलं: तांबडी चामडी. भाचा नाराज. पोरगी खूश. बायकोने विचारलं, "आणि ती साडी?"

मंगळवार, ३१ डिसेंबर

बी साईड भरली. सुरुवात 'एपीटी'ने, पुढे अनुव जैन, बाकीची, आणि शेवटाच्या आधी 'अलोन'. ते संपलं तेव्हा फितीवर तीन मिनिटं आणि काही सेकंद उरलेले दिसत होते.

खाली गल्लीत सोसायटीच्या पोरांनी स्पीकर लावलाय. सहा वाजल्यापासून चाललंय. आता साडेआठ. वायर जोडलेलीच होती. द क्युअरनंतर गुलाबी साडी ठेवायचा वेडेपणा मी दुकानात असताना कोणी यादीत लिहून आणला असता तर मी त्याला समजावून परत पाठवलं असतं. पण रॉबर्ट स्मिथ थांबला, फितीचा खरखराट झाला, आणि खालून तेच वाजायला लागलं होतं. मग मी आतूनही तेच लावलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. आवडतं म्हणून नाही घेतलं. माझ्या भाजीवाल्याचं, गुजराती मावशींचं, केटररच्या पोरांचं, नवरीच्या आजीचं म्हणून घेतलं. यादी माझी असली तरी वर्ष एकट्या माझं नव्हतं. शेवटचे दोन ठेके कापले गेले. फीत संपली.

कॅसेटच्या पाठीला दोन कोपऱ्यांत प्लास्टिकचे छोटे तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. स्क्रूड्रायव्हरने दोन्ही मोडले. लेबलवर लिहिलं, २०२४, सतरा गाणी. सत्ताविसावी कॅसेट.